कोऱ्या कॉफीची चौकशी

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.
(यंत्र तापायला लावलं आहे, ओटा पुसून झाला आहे. पाऊण तास तरी गिऱ्हाईक येणार नाही.)

ती. आशाआत्यास,
सत्यमचा सा. न. वि. वि.

सांडूभाऊंच्या जीपमधून पाठवलेल्या भाकरी आणि जवसाची चटणी काल पोचली. पाकीटही पोचलं, पण त्याची एक बाजू उघडी होती. तू ते नीट चिकटवलं होतंस का, हे आठवून कळव. मी हे पत्र भाताच्या शितानं दोनदा चिकटवून जोडावर सही करणार आहे. सही मोडलेली दिसली तर समजून घे. फोनवर बोललो असतो, पण तुला ऐकू जाईपर्यंत ओरडायचं म्हणजे इकडं क्रांती चौक आणि तिकडं अख्खं गंगापूर ऐकणार. त्यापेक्षा पत्र बरं.

तू विचारलंस की वाळूजच्या कंपनीतलं कंत्राट संपल्यावर मी ज्या दुकानात लागलो तिथं एका घोटाचे एकशेवीस रुपये कोण देतं. आत्या, देणारे आहेत. कॉफीच्या भाजलेल्या बियांची अगदी बारीक पूड करायची, ती दांड्याच्या जाळीत दाबून बसवायची आणि यंत्रातून गरम पाणी जोरानं तिच्यातून ढकलायचं. अर्ध्या मिनिटात खाली इवलंसं काळं पाणी उतरतं, वर तपकिरी साय. त्याला एस्प्रेसो म्हणतात. बाकी सगळ्या कोऱ्या कॉफ्या त्याच्यापासूनच होतात. त्यात गरम पाणी ओतलं की अमेरिकानो. आधी पाणी घेऊन त्यावर ती अलगद सोडली की लाँग ब्लॅक, म्हणजे साय मोडत नाही. दांड्याला खाली दोन तोट्या असतात. दोन तोट्यांखाली दोन ग्लास ठेवले की दोन सिंगल, एकच ग्लास ठेवला की डबल. हे शिकवताना मालक हिमांशू सरांनी मला पहिल्या दिवशी ती पाजली, तेव्हा मला वाटलं की काढा आहे. दुसऱ्या महिन्यात मी ती मागून पिऊ लागलो. कशी लागते ते नंतर लिहीन.

आता मुख्य गोष्ट. कारभारीमामांनी मंजुषाचं स्थळ आणलं तेव्हाच सांगितलं होतं की तिचे वडील काकासाहेब हे चौकशी केल्याशिवाय पाऊल पुढं टाकत नाहीत, आणि ते माणूस पाठवून मुलाचा तपास घेणार. तो माणूस आला आहे, असं मला वाटतं. शुक्रवारपासून रोज दुपारी चारच्या सुमारास एक साठीचे गृहस्थ येतात. धोतर नाही, पण टोपी आहे. डोळ्याला मोठा काळा चष्मा, तो आत आल्यावरही काढत नाहीत. आपल्या दुकानात आधीच उजेड कमी. पहिल्या दिवशी त्यांनी हिमांशू सरांना विचारलं की हा पोरगा जे पितो तेच मला द्या. मग एक घोट घेऊन असं तोंड केलं की मी पाणी घेऊन धावलो. तरी दुसऱ्या दिवशी हजर. काल विचारलं की खोलीवर कोण कोण राहतं, स्वयंपाक कोण करतं, पगार हातात मिळतो की खात्यात. कॉफी प्यायला आलेला माणूस हे कशाला विचारील?

परवा एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या आणि नुसत्या माझ्याकडं बघत बसल्या. मला त्यांचाही संशय आला होता, पण त्यांना फक्त चार्जर हवा होता.

दोन स्थळं मोडली आहेत, आत्या. एक कंत्राटी म्हणून, दुसरं हॉटेलात कामाला म्हणून. तिसरं मोडलं तर चौथं येणार नाही, हे तू बोलत नाहीस, पण मला कळतं. मंजुषाचा फोटो मी एकदाच पाहिला. बाकीच्या मुली फोटोत मान तिरकी करतात, ती सरळ बघते. म्हणून मी ठरवलं आहे की आजपासून त्या गृहस्थांना डबल द्यायची आणि सिंगलचे पैसे लावायचे. वरचे चाळीस मी भरीन. तू कारभारीमामांकडून हळूच काढून घे की काकासाहेबांनी कुणाला पाठवलं आहे. मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझा लोभ आहे म्हणून मी उभा आहे, तो आहे तसाच ठेव.
तुझा,
सत्यम


गंगापूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. सत्यमला आशाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी सही शाबूत आली. सांडूवर कामून संशय घेतो? त्याला वाचायला कुठं येतंय? पण डोळे हायेत त्याला. त्यानं तुझा डबा दुकानात आणून दिला तवा त्यानं काय बघितलं, ते आधी सांग. म्हनं अंधाऱ्या खोलीत तू उभ्यानं इवलासा गिलास तोंडाला लावला, काळं पानी, वर फेस. डोळे झाकले, आन मंग मोरीत थुकला. असं दोनदा. त्यानं ही खबर जीपमधल्या अकरा बायांना सांगितली. मला ती सुरेखानं सांगितली, दळन आनायला गेले तवा. मी म्हनलं औषध आसंल. तिनं मान हालवली नुसती.

सत्या, मी तुला लहानाचा मोठा केला. खरं सांग, दारू हाय का ती? नसंल तर तिच्यावर फेस कामून येतो? आन नसंलच, तर मानूस घोट घेऊन थुकतो कामून?

आपल्यात बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा मयताच्या घरी पितेत. सोयऱ्याला कोरा चहा दिला तर तो उठून जाईल आन पुन्हा उंबऱ्याला पाय लावनार नाय. तू चौकशीला आलेल्या मानसाला चार दिवस कडू पाजतो आन वर दुप्पट पाजतो? आरं त्याचं तोंड गोड कर! दूध घाल, साखर घाल, फुकट दे. पैसे माझ्या नावावर मांड. हिशेब मात्र लिहून पाठव, तुझ्या हातून पैसा वाऱ्यासारखा जातो.

कारभारीला इचारलं. तो लई बिलंदर, सरळ बोलना. एवढंच म्हनला की काकासाहेबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय शहरातच, थोरल्या पोराकडं बजाजनगरला ऱ्हायलेत. मंजुषा बी तिथंच भावाकडं ऱ्हाऊन कंपनीत जाते. मंग आता डोळ्याला पट्टी बांधलेलं मानूस काय चौकशी करनार? त्यांनी त्यांचे साडू साहेबराव यांना पाठवलं आसंल, असा माझा अंदाज. साहेबराव टोपी घालतेत, हे मला पक्कं ठाव हाय.

काकासाहेब करडे हायेत. मागं एका पोराच्या खिशात सुपारीचा डाग बघून स्थळ मोडलं त्यांनी. तवा जपून.

गुऱ्हाळ चालू हाय, काहील रोज चढती. गुळाची ढेप पाठवते, त्यातला दुकानात वाटू नको.

जीव लावून हाये, त्याला धक्का लागंल असं काय करू नको.
तुझी आत्या,
आशाबाई


छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारचे अडीच.
(गर्दी ओसरली आहे. ग्लास पुसता पुसता लिहितो आहे.)

ती. आशाआत्यास,
सत्यमचा सा. न. वि. वि.

तुझ्या गळ्याची शपथ, दारू नाही. घोट घेऊन थुंकतो तेही कामच आहे. तू गुऱ्हाळावर काय करतेस ते आठव. काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी धरते का ते बघतेस. आधी उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपून कडू होतो. इथं तसंच आहे. पूड जाड राहिली तर पाणी घाईत निघून जातं आणि कॉफी आंबट, पातळ होते. फार बारीक झाली तर पाणी अडतं, थेंब थेंब पडतं, आणि जिभेवर राख ठेवल्यासारखं वाटतं. हवा बदलली की पूड बदलावी लागते. म्हणून रोज सकाळी मी घोट घेतो, चव बघतो, थुंकतो, चक्की थोडी फिरवतो, पुन्हा बघतो. सगळं गिळलं तर दुपारपर्यंत माझे हात कापतील. हे तू सुरेखामावशीला सांग, आणि जमलं तर त्या अकरा बायांनाही.

तू सांगितलंस तसं केलं आणि फजिती झाली. शुक्रवारी ते काळ्या चष्म्याचे गृहस्थ आले. मी त्यांना न विचारता दूध घातलेली, दोन चमचे साखर घातलेली मोठी कॉफी दिली आणि पैसे नकोत म्हणालो. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास लांब सारला आणि विचारलं की इतके दिवस चालत होतं ते आज का बदललं, आणि बदलायला कुणी सांगितलं. मी म्हणालो, असंच. त्यावर ते म्हणाले की गोडात घालून काहीही खपतं, आमच्याकडं जनावराला औषधसुद्धा गुळातून देतात, तेव्हा मला कोरीच आण. मी कोरी दिली. डबलच.

मग मला वाटलं की आता लपवाछपवी नको. ते रोज तोंड वाकडं करून पितात, तर निदान कशी प्यायची ते तरी सांगावं. मी सांगितलं की आधी साधं पाणी पिऊन तोंड कोरं करा. मग चमच्यानं ढवळा, कारण घट्ट भाग तळाशी बसतो आणि वरची साय नुसती दिसायला बरी, चवीला ती सगळ्यात कडू. पहिल्या घोटावरून काही ठरवू नका, त्यात जीभ फक्त दचकते. दुसरा घोट जिभेवर थांबवा. आधी जांभळासारखं काहीतरी तुरट, आंबूस लागेल, मग कडू, आणि शेवटी पाणी प्यायलात की आवळा खाल्ल्यावर लागतं तसं गोड. त्यांनी तसं केलं. पाणी प्यायले आणि ओठांवरून जीभ फिरवली. मग विचारलं की हे गोड कुठून आलं, साखर तर घातली नाहीस ना. मी पूड, पाणी, ग्लास, सगळं दाखवलं. त्यांनी ग्लासाचं बूड वास घेऊन पाहिलं.

काल त्यांनी स्वतःहून लाँग ब्लॅक मागितली आणि पाणी आधी घेतलं की नाही ते उभं राहून पाहिलं. आत्या, मला क्षणभर बरं वाटलं. पण त्यानंतर त्यांनी जे विचारलं त्यानं माझी झोप उडाली आहे. त्यांनी विचारलं की तू दिवसात किती पितोस. मी म्हणालो, तीन. त्यांनी विचारलं की नाही मिळाली तर काय होतं. मी खरं सांगितलं की सुट्टीच्या दिवशी डोकं दुखतं. ते नुसतं हं म्हणाले. मग विचारलं की हिच्यात आणखी काही घालतात का. मी नाही म्हणालो, पण घाईत म्हणालो, आणि घाईत म्हटलेलं खोटं वाटतं.

ते साहेबराव असोत की आणखी कुणी, त्यांच्या मनात काहीतरी शिजतं आहे. चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि जांभया देतात. मी अजून डबलच देतो आहे. आता कमी केली तर तेही खटकेल.

गूळ पोचला, वाटला नाही. माझ्यावरचा लोभ आणि विश्वास दोन्ही सांभाळ.
तुझा,
सत्यम


गंगापूर,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. सत्यमला आशीर्वाद.

मोडलं रे बाळा.

काल कारभारी दारात आला, बसला नाय, पानी बी घेतलं नाय, तवाच मला कळलं. म्हनला, काकासाहेबाचा नकार हाय. कामून म्हनलं, तर सांगतो की पोरगा नशेच्या धंद्यात हाय. मी त्याला लई बोलले. सगळी गल्ली जमा झाली, मला ऐकू येत नाय म्हनून तो बी ओरडूनच सांगत व्हता.

आन ऐक, तो काळ्या चष्म्याचा मानूस साहेबराव नव्हता. ते सोता काकासाहेब व्हते! पट्टी दुसऱ्याच दिवशी काढली म्हनं, डॉक्टरनं काळा चष्मा दिला. मी शहानीनं तुला लिहिलं की डोळ्याचं मानूस काय चौकशी करनार. माझ्याच अकलेला पट्टी व्हती. आन मीच तुला दूध-साखर घालायला लावली.

त्यांचं म्हननं असं. पोरगा पितो ते आपन पिऊन बघावं, म्हनून ते रोज आले. पहिले चार दिवस काय झालं नाय. मंगळवारपासून रातभर डोळा लागंना. घुबडावानी बसून ऱ्हायचे. छाती धडधडायची. त्यांना वाटलं ऑपरेशन बिघडलं. मंग त्यांनी ठरवलं की आता जायचं नाय, तर परवा मंगळवारी चार वाजता डोकं असं धरलं की भिंतीला टेकून बसले. भावकीत त्यांनी दोन दारूडे बघितलेत, म्हनले ही नशेचीच खून. पिली तर झोप नाय, नाय पिली तर डोकं फुटतंय. आन पोरानं सोता कबूल केलं की त्याचं बी डोकं दुखतं. आन एके दिवशी गोड करून फुकट पाजायला बघितलं. फुकट कोन पाजतं? ज्याला सवय लावायची हाय तो.

सत्या, मी अडानी हाये, पन ऐकल्यावर मला बी त्यांचंच खरं वाटाया लागलं. तूच सांग. हाय का तिच्यात काय? तुझ्या मालकानं तुला न सांगता काय मिसळलं आसंल तर? मी रविवारी सांडूच्या जीपनं येते. मी सोता पिते, कारभारीला बी पाजते. बघू कोन घुबड व्हतंय.

जेवन टाळू नको.
तुझी आत्या,
आशाबाई


छत्रपती संभाजीनगर,
शनिवार, १५ फेब्रुवारी, पहाटेचे साडेपाच.
(दुकानात लवकर आलो आहे. शटर अर्धंच वर केलं आहे.)

ती. आशाआत्यास,
सत्यमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. येऊ नकोस. गुऱ्हाळ सोडून येण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि कारभारीमामांना पाजायची तर बिलकुल नको.

तुझा प्रश्न मला आधी राग आणणारा वाटला, मग बरोबर वाटला. मलाही हिमांशू सरांचा संशय आला. ते नसताना मी पोतं उघडून हात घालून बघितलं. चिकमंगळूरच्या बिया, दुसरं काही नाही. यंत्रात पाणी कुठून येतं ते मागून पाहिलं. नंतर सरांना सरळ सांगितलं की मी असा संशय घेतला. ते हसले नाहीत. म्हणाले की तुझे होणारे सासरे रोज किती घेत होते. मी म्हणालो, डबल, तीही दुपारी चारला. ते म्हणाले की ज्याला कॉफीची सवयच नाही त्या माणसाला आठवडाभर डबल दिलीस, तर आणखी काय होणार होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिले चार दिवस ते सिंगल घेत होते, तेव्हा त्यांना झोप लागत होती. चार तारखेपासून मी खूश करायला डबल देऊ लागलो, तेव्हापासून लागली नाही. नशा कुणी मिसळली नाही, आत्या. मी दुसऱ्या तोटीखालचा ग्लास काढून घेतला, एवढंच. कॉफीनं झोप उडते हे मला माहीत होतं. त्यांच्या जांभया मी पाहिल्या आणि तुला लिहिल्यासुद्धा. पण मी त्यांच्याकडं चौकशीला आलेला माणूस म्हणून बघत होतो. डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस आहे, हे मला दिसलंच नाही.

डोकं दुखण्याचंही मी तपासलं, तेही तुझं पत्र यायच्या आधीच; मंगळवारी ते आले नाहीत, तेव्हापासून त्यांचा तो प्रश्न मनात बसला होता. बुधवारपासून मी एक थेंब गिळला नाही. सकाळी चव घेऊन थुंकतो. पहिल्या दिवशी कपाळ ठणकलं, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, काल कमी झालं, आज नाही. म्हणजे सवय आहे, पण ती सुटते.

स्थळ गेलं ते गेलं. मी त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर अक्षर बिघडेल. पण एक काम कर. कारभारीमामांना सांग, आणि भांडू नकोस, की काकासाहेबांपर्यंत एवढंच पोचवा: डोळ्याला काही झालेलं नाही, छातीलाही नसावं, डॉक्टरांना कॉफीचं सांगून एकदा विचारून घ्या. डोकं दुखायचं तीन-चार दिवसांत थांबेल. त्यांना मी न सांगता दुप्पट देत होतो. ते घाबरून रात्र रात्र बसले असतील, हे मला सहन होत नाही. लग्नाचं यात काही काढू नका म्हणावं.

लोभ कमी झाला असेल तर मी समजू शकतो.
तुझा,
सत्यम


बजाजनगर, वाळूज,
बुधवार, १९ फेब्रुवारी

श्री. सत्यम यांस,
मंजुषाचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, म्हणून पत्र थोडक्यात लिहिते. आज शिवजयंतीची सुट्टी आहे, भाऊ-वहिनी मिरवणूक बघायला तुमच्याच क्रांती चौकात गेले आहेत, म्हणून निवांत लिहिता येतं आहे. तुम्ही आणि तुमच्या आत्या जीपवाल्यामार्फत पत्रं पाठवता आणि तुम्ही पाकिटाच्या जोडावर सही करता, हे कारभारीमामांकडून कळलं. मीही त्या जीपवाल्याच्याच हाती देते आहे. पाकिटावर सही केलेली नाही, वाचायचं तर वाचू देत.

तुमचा निरोप मिळाला. बाबांना मी डॉक्टरांकडं नेलं. डोळा उत्तम आहे, रक्तदाबही ठीक आहे. डॉक्टरांनी विचारलं की संध्याकाळी काय घेत होता, तेव्हा बाबांनी इतक्या हळू सांगितलं की मलाच मोठ्यानं सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले की सकाळी एक छोटी चालेल, दुपारनंतर नको. मला हे आधीच कळायला हवं होतं. मी तपासणी विभागात रात्रपाळी करते, तिथल्या मशीनची कॉफी पिऊन सकाळी छताकडं बघत पडलेली असते. पण बाबांनी कुठं जातो ते घरी सांगितलंच नव्हतं. आम्हाला सांगायचे की डोळ्यात थेंब घालायला जातो.

आता माझा तुमच्याबद्दलचा संशय. बाबांना वाटतं तुम्ही नशा देता, तो मला नाही. मला वेगळा आहे. चौकशीला माणूस आला असं समजून तुम्ही त्याला जास्त दिलंत आणि ते लपवलंत. चांगलं दिसण्यासाठी आज कॉफी जास्त ओतणारा माणूस उद्या दुसरं काहीतरी लपवील, असं मला वाटतं. पण हेही खरं की स्थळ मोडल्यावर तुम्ही स्वतःहून ते सांगितलंत. सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. या दोन गोष्टींची बेरीज मला अजून जमलेली नाही.

सोबत चारशे साठ रुपये आहेत. सात वेळच्या डबलचे चाळीसप्रमाणे दोनशे ऐंशी, आणि त्या दुधाच्या कॉफीचे एकशे ऐंशी. दर भावाच्या मोबाईलवर पाहिला. परत पाठवू नका.

बाबा आता रोज चार वाजता गॅलरीत येऊन रस्त्याकडं बघतात. डोकं दुखत नाही म्हणतात. मग का बघता विचारलं तर म्हणतात की त्या पोरानं आवळ्याचं काहीतरी सांगितलं होतं, ते नीट लक्षात घ्यायचं राहिलं. रविवारी तेवीस तारखेला सकाळी नऊला मी त्यांना घेऊन येते. सिंगल द्या. मला काही जास्तीचं देऊ नका, मी माझे पैसे देईन. हे बघायला येणं नाही, कारभारीमामांना यातलं काही माहीत नाही.

कळावे. लोभ ठेवण्याइतकी ओळख झालेली नाही, तेव्हा ते रविवारनंतर बघू.
मंजुषा


छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं.
(तो दांडा धुवायचा राहिला आहे. आधी लिहितो.)

ती. आशाआत्यास,
सत्यमचा सा. न. वि. वि.

मंजुषाचं पत्र मी तुला गुरुवारीच पाठवलं होतं, ते मिळालं असेल. त्या पत्रानं मला आनंद झाला की भीती वाटली, हे तू विचारशील. भीती. सरळ बघणारी माणसं लिहितातही सरळ.

बरोबर नऊला दोघं आली. काकासाहेबांचा काळा चष्मा गेला आहे. त्याशिवाय ते वेगळेच दिसतात, डोळे बारीक आणि थोडे हसरे आहेत. पण आत येताना हसले नाहीत. मी पाया पडलो, त्यांनी खांद्याला हात लावला न लावल्यासारखा केला. मंजुषानं आधी भिंतीवरचा दरफलक वाचला, मग यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या क्रमानं.

मी पूड बसवली, दांडा लावला, पण सकाळपासून हवेत गारवा होता आणि धार घाईनं सुटली. कुणाला कळलं नसतं. मी ती त्यांच्यासमोर मोरीत ओतली. काकासाहेबांनी लगेच विचारलं की का टाकली. मी म्हणालो, आंबट झाली असती, हिचे पैसे माझ्याकडून कापले जातील. मंजुषा म्हणाली की हे तुम्ही चांगलं दिसायला तर करत नाही ना. मी म्हणालो की आज तेही असेल, पण रोजही टाकतो, हिमांशू सरांना विचारा. सरांनी तिकडून सांगितलं की टाकतो, आणि फार टाकतो, तोंडाला फेस आणलाय यानं.

चक्की थोडी फिरवली. मग दोन तोट्यांखाली दोन ग्लास ठेवले, एक वडिलांचा, एक मुलीचा. धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक, काकवीच्या रंगाची. काकासाहेब वाकून बघत होते की दोन्हींत सारखी पडते का. पडली.

आणि आत्या, त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. काकासाहेबांनीच मुलीला शिकवायला घेतलं. आधी पाणी पी, तोंड कोरं कर. अगं ढवळ, वरच्या सायीला भुलू नकोस, ती कडू असते. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करू नको, जीभ दचकते नुसती. दुसरा थांबव. जांभूळ लागलं का, जांभूळ? माझे शब्द त्यांच्या तोंडून असे येत होते जणू ते जन्मापासून हेच पीत आले. ती म्हणाली की मला जांभूळ काही लागलं नाही, मला औषध लागलं. ते म्हणाले की तू घाई करतेस, लहानपणापासून घाई करतेस. ती पुन्हा घोट घेऊन डोळे मिटून बसली, नंतर पाणी प्यायली आणि थांबली. म्हणाली, आता काहीतरी आलं. पण हे पाण्याचं गोड की कॉफीचं? मी म्हणालो की मला खरंच माहीत नाही, मी रोज शोधतो. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली की आवडली असं मी म्हणणार नाही. मी म्हणालो, म्हणू नका, मलाही दोन महिने लागले.

काकासाहेबांनी ग्लास रिकामा केला. मग त्यांनी विचारलं की दुकानात गोड काय आहे. मागच्या वेळचं दूध-साखर आठवलं. मी केकचं नाव घेतलं, त्यांनी मान हलवली. मी म्हणालो की माझ्या आत्यानं पाठवलेला गूळ आहे, तो वाटायचा नाही असा तिचा हुकूम आहे. ते म्हणाले, आण तो. मी ढेप फोडून आणली. त्यांनी एक खडा उचलला. मला वाटलं ग्लासात टाकतील, पण ग्लास तर रिकामा होता. त्यांनी अर्धा माझ्या तोंडात घातला, उरलेला मंजुषाच्या हातात दिला आणि तिच्याकडं बघत राहिले. तिनं तो हातात धरला. बराच वेळ धरला, आत्या. यंत्राची वाफ सुटली तरी धरलेलाच. मग खाल्ला. काकासाहेब म्हणाले की शिवरात्र झाली की कारभाऱ्याला पाठवतो, आणि त्याला म्हणावं आता तरी घरात बसून पाणी पी. मग गुळाकडं बोट करून म्हणाले की हा काढणारा गुळव्या कोण आहे, पाकाची चाचणी बरोबर साधली आहे; मी तुझं नाव सांगितलं.

जाताना मंजुषानं विचारलं की आता पत्र पाठवलं तर सही करून पाठवायचं का. मी म्हणालो की सांडूभाऊंना वाचता येत नाही. ती म्हणाली, असं ते सांगतात. आत्या, हा संशय मला सुचला नव्हता.

तू मागितलेला हिशेब:

डबलचा फरक, सात वेळा: २८० (परत मिळाले)
दुधाची कॉफी, एक: १८० (परत मिळाले)
आज मोरीत ओतलेली डबल, एक: १६० (माझ्या पगारातून)
आजच्या सिंगल, दोन: २४० (एक काकासाहेबांनी दिली, एक तिनं)
गूळ: पावशेर, हुकूम मोडून

येणं: काही नाही.
देणं: तुला, गंगापूर ते संभाजीनगर जीपचं भाडं, साखरपुड्याला येण्याचं आणि जाण्याचं. पुढची सीट.

लोभ होताच, आता त्यात एक वाटेकरी वाढेल, तेवढी जागा कर.
तुझा,
सत्यम